मांडीवर लोळणारा गिनीपिग अचानक हात लावू देईनासा झाला: तुमचे अनुभव

धागा काढायचं कारण आमची चिंगी. वय तीनच्या आसपास. मांडीवर टॉवेल पसरला की स्वतःहून चढणारी, कानामागे खाजवलं की डोळे अर्धवट मिटून घेणारी. गेले पंधरा दिवस पिंजऱ्यात हात गेला रे गेला की कोपरा गाठते. उचललं तर किंचाळते. परवा तर माझ्याकडे बघून दात कटकट वाजवले. खाणंपिणं ठीक, घरात काही बदललेलं नाही. घरातल्यांचं मत, "वय झालं, चिडकी झाली." मला पटत नाही. तुमच्याकडे असं झालं होतं का? शेवटी काय निघालं? उशिरा कळलं असेल तर तेही लिहा.

*

आमच्याकडे निघाली क जीवनसत्त्वाची कमतरता. माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरातही ते तयार होत नाही, रोज बाहेरून मिळावं लागतं. हे मला माहीत होतं! पेलेटच्या, म्हणजे तयार दाणेदार खाद्याच्या पिशवीवर 'क जीवनसत्त्वयुक्त' असं ठळक छापलेलं होतं, त्यामुळे मी निर्धास्त. पण पिशवी घेतलेली मोठी, आणि प्राणी एकच. ती सहा महिने पुरली. पेलेट तयार झाल्यापासून तीनेक महिन्यांनी त्यातल्या जीवनसत्त्वाचा भरवसा राहत नाही, हे डॉक्टरांकडून कळलं. शिवाय मी पाण्याच्या बाटलीत थेंब टाकत होते. तेही वाया, कारण पाण्यात आणि उजेडात ते लवकर नासतं.

मागचा एक गुडघा सुजला होता आणि मी उचलताना माझी बोटं नेमकी तिथेच दाबली जायची. म्हणजे राग माझ्यावर नव्हता, बोटांवर होता. डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस सिरिंजने थेट तोंडात आणि जोडीला रोज ढोबळी मिरची, एवढ्यावर आठवड्यात चाल सुधारली. पिशवी आता लहानच घेते.

*

आमचं कारण अगदीच किरकोळ. ऑफिसातून येताना मी खालच्या मांजरीला कुरवाळून यायचो. हात धुवायचो, पण शर्ट तोच. गिनीपिगच्या नाकाला तेवढं पुरतं. शर्ट बदलायला लागलो, प्रश्न मिटला. तुमच्याकडे नवीन साबण, अत्तर, हाताला लावायचं क्रीम असं काही आलंय का?

*

ताई, एक विचारते. ती कुठेही हात लावला तरी किंचाळते, की ठरावीक जागी? आणि खाली ठेवलेली असताना नुसतं डोक्यावरून बोट फिरवलं तर? दोन दिवस बघा आणि लिहून ठेवा. डॉक्टरकडे गेल्यावर प्राणी भीतीने दगड होतो, तिथे काही कळत नाही. आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता आणि मला उत्तर देता आलं नव्हतं.

*

आमच्याकडे खरजेच्या किड्यांनी, म्हणजे माइट्सनी घात केला. ते त्वचेत बिळं करतात, साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. सुरुवातीला तो फक्त जास्त खाजवत होता. मला वाटलं कोरडी त्वचा. मग पाठीवर हात ठेवला की उसळायचा. मी काय शहाणपणा केला, तर घरात होता तो कुत्र्याचा शाम्पू लावून आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी पाठीला हात लागताच त्याला झटका आला. चारही पाय ताठ, मान मागे. मला वाटलं संपलं. खाज इतकी टोकाला गेली की नुसत्या स्पर्शाने असे झटके येतात, हे तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यात काही सापडलं नाही, तरी लक्षणांवरून उपचार सुरू केले, कारण किडे दर वेळी खरवडीत येतातच असं नाही. वजनावर मोजून आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारं औषध, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा. सोबतच्या दुसऱ्या गिनीपिगलाही दिलं, जरी तो खाजवत नव्हता. तीन आठवड्यांनी पुन्हा मांडीवर.

घरातलं उरलेलं औषध कुणीही देऊ नका, हे यानिमित्ताने सांगतो. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि गिनीपिग दगावू शकतो.

*

सगळे आजारच सांगतायत, म्हणून वेगळं लिहितो. आमच्याकडे आजार नव्हता, भाचा होता. सुट्टीत राहायला आला, त्याच्या हातून गिनीपिग पडला, आणि त्याने तसाच उचलून पिंजऱ्यात ठेवला. आम्हाला कळलं महिन्याभराने, तेही त्याच्या बहिणीशी भांडण झालं म्हणून. तोवर आम्ही आहार बदलला, गवत बदललं, दोनदा तपासून आणलं. घरात मुलं असतील तर आधी त्यांना विचारा, आणि रागवायचं नाही असं ठरवून विचारा.

नंतर उचलण्याची पद्धतच बदलली. वरून येणारा हात त्याला झडप घालणाऱ्या पक्ष्यासारखा वाटतो. आता हात जमिनीलगत, बाजूने न्यायचा, एक तळवा छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच अंगाशी धरायचं. पाय लोंबकळले की घाबरणारच.

*

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि थोडं कटू बोलते. तो गुपचूप बसतो म्हणजे त्याला आवडतं, असं आपण धरून चालतो. हा शिकार होणारा प्राणी आहे, घाबरला की गोठून बसतो. अंग सैल, आवाज खोल आणि संथ असेल तर मजेत आहे. अंग ताठ आणि घरघर आखूड, चढ्या सुरातली असेल तर तो "पुरे" म्हणतोय. माझा पहिला गिनीपिग वर्षभर "पुरे" म्हणत होता आणि मी त्याचे फोटो काढत होते. एके दिवशी चावला. लोकांना मी सांगायचे, अचानक बदलला!

*

आमच्या दोन "माद्यां"पैकी एक नर निघाला. बाकी तुम्हीच समजून घ्या. पोटाखाली हात घेऊ देईना, वजन वाढत चाललेलं. सुमारे दहा आठवड्यांत तीन पिल्लं, अंगावर केस, डोळे उघडे, दुसऱ्या दिवशी गवत कुरतडायला तयार.

*

लिहू की नको असं झालं होतं. आमचा सहा वर्षांचा होता. उचलला की कुईं करायचा, खाली ठेवला की गप्प. दोन महिने आम्ही "त्याला आवडत नाही तर नको" म्हणून उचललंच नाही. समजूतदारपणा केला असं वाटत होतं. पण उचलणं थांबलं तसं वजन करणंही थांबलं, पोट चाचपणंही. मग चादरीवर लालसर डाग दिसला. मूत्राशयात खडा. शस्त्रक्रिया झाली, तो तिसऱ्या दिवशी गेला.

उचलू नका, पण वजन सोडू नका. डबा वजनकाट्यावर ठेवा, आत कोथिंबिरीची काडी ठेवा, तो स्वतः जातो. दर आठवड्याला आकडा लिहा. आमच्या वहीत शेवटची नोंद आणि दवाखान्यातलं वजन यात 140 ग्रॅमचा फरक होता. आणि खाणं थांबलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्यांचं आतडं थांबतं.

*

सगळ्यांचे आभार. ज्या ताईंनी "कुठे हात लावल्यावर" विचारलं, त्यांचे जास्त.

दोन दिवस पाहिलं. डोकं, कान, पाठ, काही तक्रार नाही. बरगड्यांच्या मागे, कुशीजवळ बोट गेलं की किंचाळते. आणि नीट पाहिल्यावर दिसलं, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झालेत. खाजवणं नाही, खपली नाही. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि सोनोग्राफी सांगितली. दोन्ही अंडाशयांवर सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेल्या गाठी आहेत. या वयाच्या माद्यांमध्ये हे बरंच आढळतं म्हणे, आणि चिडचिडही त्यातलीच. शस्त्रक्रिया किंवा हार्मोनचं इंजेक्शन, असे दोन मार्ग सांगितले. तूर्त इंजेक्शन, मग पुन्हा सोनोग्राफी. वेदनाशामक सुरू आहे.

भाच्यासारखं आमच्याकडे कुणी नाही, तरी मुलीला विचारून घेतलं. ती म्हणाली, "तूच तिला पोटाला धरतेस."

मांडी अजून नाही. काल बुटाचं खोकं आडवं करून मांडीवर ठेवलं. ती आत गेली, बाहेर तोंड काढून माझ्या हातातली कोथिंबीर ओढून नेली आणि पाठ करून खात बसली. वजन 940 ग्रॅम.