आन्यो नुएवोला एलिफंट सील बघायला कोणता आठवडा धरावा?

वाळूघड्याळ:
आई-बाबा (६८ आणि ७२) पुण्याहून सॅन होजेला येतायत, १० डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. बरोबर ७ वर्षांची लेकही असेल. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या आन्यो नुएवो स्टेट पार्कात एलिफंट सील (सोंडेसारख्या नाकाचे अवाढव्य सील) बघायचे आहेत. कधी जावं? बाबांचे गुडघे दुखतात, चालणं झेपेल का?

खारावारा:
१ ते १४ डिसेंबर सीलचा भाग बंद असतो. १५ डिसेंबर ते ३१ मार्च फक्त गाइडबरोबर सोडतात, तिकीट आधी काढावं लागतं.

डिसेंबरात नर येऊन किनाऱ्यावर जागा धरतात, तेव्हा मारामाऱ्या बघायला मिळतात, पण पिल्लं जवळजवळ नसतातच. माद्या मागाहून येतात आणि आल्यावर आठवडाभरात वितात. लेक बरोबर आहे तर जानेवारीचा शेवटचा किंवा फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरा. तेव्हा नर, माद्या, पिल्लं सगळंच एकदम असतं. पिल्लू जन्मतं तेव्हा काळं कुळकुळीत, ३०-३५ किलोचं. आईचं दूध घट्ट होत होत शेवटी निम्मं फॅटच होतं, त्यामुळे चार आठवड्यांत पिल्लू १०० किलोच्या वर जातं. या काळात आई काहीच खात नाही, स्वतःच्या चरबीवर काढते. मग पिल्लाला तिथेच सोडून समुद्रात परत जाते. एकटं पिल्लू दिसलं तर ते हरवलेलं नाही, हे लेकीला आधीच सांगून ठेवा.

नराचा आवाज मोठ्या रिकाम्या पिंपावर ठोकल्यासारखा येतो. सील दिसायच्या आधीच तो ऐकू येईल.

टेकडीपल्याड:
गुडघ्यांचं स्पष्ट सांगते. फेरी साधारण ३ मैलांची, अडीच तासांची, आणि बरीचशी वाळूच्या टेकड्यांवरून. वाळूत चढताना पाऊल मागे सरकतं आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. मध्येच परत फिरता येईल असं धरून चालू नका. ज्यांना वाळूत चालता येत नाही त्यांच्यासाठी लाकडी फळ्यांच्या वाटेवरून वेगळी फेरी असते. तिचे दिवस मोजकेच, म्हणून पार्कला फोन करून आधी तारीख घ्या आणि बाकीचा बेत त्याभोवती आखा.

सीलपासून २५ फूट अंतर ठेवायचंच. नर दोन टनांचा, दिवसभर ओंडक्यासारखा पडून असतो, पण दुसऱ्या नराच्या मागे लागला की वाटेत काय आहे ते बघत नाही. त्याची स्वतःची पिल्लंसुद्धा त्यात चिरडतात. लेकीचा हात सोडू नका.

पावसातही फेरी निघते. छत्री त्या वाऱ्यात टिकत नाही, टोपीचा रेनकोट न्या. वाऱ्यानं वाळू उडते, कॅमेऱ्याची लेन्स तिथे बदलू नका. ८×४२ ची दुर्बीण पुरे.

बिब्बेवाला:
पॉयझन ओकचं कुणी बोललं नाही. या किनारपट्टीवर तो सगळीकडे आहे. तीन-तीन पानांचा झुडुपवजा, पण जानेवारीत पानं झडलेली असतात आणि नुसत्या काड्या उरतात. काड्यांतही खाज आणणारं तेल असतंच, म्हणून हिवाळ्यात लोक फसतात. हा बिब्ब्याच्याच कुळातला, आणि अंगावर उततोही तसाच: लगेच काही कळत नाही, एक-दोन दिवसांनी खाज आणि फोड. आंब्याचा चीक ज्यांना बाधतो त्यांनी जास्तच जपावं. वाट सोडून झुडपांत शिरू नका. लागल्याची शंका आली तर लगेच गार पाणी आणि साबणानं धुवा, कपडे वेगळे धुवा, बुटांच्या नाड्याही. तेल तिथेच राहतं आणि पुढच्या वेळी पुन्हा लागतं.

वाळूघड्याळ:
फेब्रुवारीचा पहिला शनिवार-रविवार भरलाय.

खारावारा:
मंगळवार-बुधवार बघा, मधल्या वारांना जागा जास्त असते. रद्द झालेली तिकिटं परत दिसतात, रोज सकाळी एकदा तपासत जा. आणि निघायच्या आदल्या दिवशी पार्कचं पान नक्की उघडा. वादळ असेल तर फेऱ्या बंद होऊ शकतात.