टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर अँटिबायोटिक दिलंच नाही, असं चालतं का?

सईची आई, सांगली:
लेक सहा वर्षांची, वजन 17 किलो. सोमवारी टॉन्सिल काढले. चिठ्ठीवर दोनच सिरप: पॅरासिटामॉल 5 मिली दर सहा तासांनी आणि खाल्ल्यावर आयबुप्रोफेन. सासूबाई म्हणतात, "एवढी कापाकापी करून नुसतं तापाचं औषध?" आज चौथा दिवस. टॉर्च लावून बघितलं तर घशात दोन्हीकडे साय धरल्यासारखं पांढरट. पू असेल का? रात्री दोनला कान धरून रडते. मागच्या वर्षीचं कोडीनवालं खोकल्याचं सिरप घरात आहे. जाऊबाई म्हणाल्या, "दे चमचाभर, झोपेल तरी." अजून दिलं नाहीये.

विराजचे बाबा:
आमच्याला पाच दिवस अँटिबायोटिक होतं. घसा बरा झाला, जुलाब मात्र आठवडाभर.

निवृत्त सिस्टर (ईएनटी वॉर्ड):
अगं, ते कोडीन आधी घरातून काढ. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फीन फार झपाट्यानं होतं आणि झोपेत श्वास मंदावतो. अमेरिकेत टॉन्सिल काढलेली मुलं अशीच दगावली, म्हणून 2013 मध्ये तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, कडक इशारा दिला. 2017 मध्ये बारा वर्षांखाली कोडीन आणि ट्रामाडॉल (तेही तसंच दुखण्यावरचं कडक औषध) दोन्ही द्यायचे नाहीत असं ठरलं.

अँटिबायोटिकचं म्हणशील तर तिथल्या ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेनं 2011 लाच सांगितलंय, सरसकट देऊ नका, आणि 2019 ला तेच कायम ठेवलं. त्यानं दुखणं कमी होत नाही. आमच्या वॉर्डात मात्र सवयीनं कितीतरी वर्षं लिहिलं जायचं. भुलेतच डेक्साचा (डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड) एक डोस शिरेतून देतात, त्यानं उलट्या कमी होतात. डिस्चार्ज कार्डावर बघ, असेल.

पांढरं म्हणजे खपली. ओल्या जागी ती अशीच दिसते. कानात काही नाही, घशाचीच कळ तिकडे जाते. पाणी पाजत राहा. पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटते, तेव्हा ताजं लाल रक्त दिसलं तर थेट दवाखाना, रात्र असली तरी.

आणि पॅरासिटामॉलची बाटली बघ: 5 मिलीत 125 मिलिग्रॅमची की 250 ची?

सईची आई:
ताई, 125 ची! यांनी कपाटातली जुनीच उघडली होती, म्हणजे चार दिवस पोरीला अर्धाच डोस. डॉक्टरांना फोन करून 250 ची आणली. काल साडेपाचपर्यंत झोपली, उठल्यावर तूप घालून मऊ भात मागितला. टॉर्च आता सासूबाईंच्या ताब्यात आहे, तासातासाला खपली बघतात.