टाटा मोबाईल २०६ (गाडी आहे, फोन नाही), १२ वर्षं जाग्यावर उभी, घरीच चालू करायचीय

बेदाणा९३
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडं १९९३ ची टाटा मोबाईल २०६ पिकअप आहे, तासगावजवळ आमच्या वस्तीवर. आप्पांनी नवी घेतलेली. बेदाण्याचे बॉक्स, खताची पोती, सगळं तिच्यावरनंच जायचं, २००३ च्या दुष्काळात तर मागं टाकी ठेवून बागेला पाणी पण हिनंच वाहिलं. २०१३ ला एकदा बंद करून शेडात लावली ती लावलीच, नंतर छोटा हत्ती घेतला आणि हिच्याकडं कुणी बघितलंच नाही. आप्पा जाऊन आता काही वर्षं झाली. मी पुण्यात नोकरी करतो, महिन्यातनं दोन शनिवार-रविवार गावी असतो, तेवढ्याच वेळात हळूहळू काम करायचं म्हणतोय.

परिस्थिती अशी: बॅटरी नाही, चारी टायर बसलेत, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा एवढा सडलाय की खालची माती दिसते, मागच्या हौद्याचा तळ मात्र बरा आहे. चुलतभाऊ म्हणतो बॅटरी लाव, डिझेल टाक, ट्रॅक्टरनं ओढून गिअर टाकू, धडाधड चालू होईल. मला जरा भीती वाटते. पार्ट कुठं मिळतात? नेटवर टाटा मोबाईल पार्ट शोधलं तर फोनची कव्हरं दाखवतंय. कागदाचं काय करायचं तेही सांगा. रंग ओरिजिनल पांढराच ठेवायचाय.

चौथा_गिअर
भावा स्पष्ट बोलतो, राग मानू नको. भंगारात दे. जेवढे पैसे हिच्यात घालशील तेवढ्यात चांगली चालू सेकंडहँड पिकअप येईल आणि शनिवार-रविवार पण वाचतील.

गॅरेजकाका_कोल्हापूर
चौथा गिअर, त्यानं भाव विचारला नाही, गाडी चालू कशी करायची ते विचारलंय.

बाळा आधी तुझ्या चुलतभावाला ट्रॅक्टरची चावी देऊ नकोस. ओढून चालू करायची ही कल्पना सगळ्यात महाग पडणारी आहे. सांगतो का ते.

तुझं इंजिन ४८३, १९४८ सीसी, हीटर प्लगवालं (चालू करताना आतली हवा तापवणारे प्लग) डिझेल. हेच इंजिन टाटाच्या सिएरात, इस्टेटमध्ये आणि ९४ नंतर सुमोत आलं, म्हणून काउंटरवर जाऊन टाटा मोबाईल म्हणू नकोस, पोरं फोनच्या दुकानाचा पत्ता देतील. "सुमो, जुनं ४८३" म्हण, इंजिनचं निम्म्याहून जास्त सामान तिथंच निघतं. पुण्यात आहेस तर नाना पेठेत एक शनिवार सकाळ घालव, आणि जुना पार्ट कागदात गुंडाळून सोबत ने, नुसत्या तोंडानं सांगून आणलेला पार्ट हमखास चुकतो.

आता इंजिन. बारा वर्षं उभं म्हणजे पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) गंजून धरलेल्या असू शकतात. आणि ह्याला टायमिंग बेल्ट आहे, तो रबराचा, चालला नाही तरी वयानं कडक होतो. ट्रॅक्टरनं हिसका दिलास आणि बेल्ट तुटला किंवा दात सरकले की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला भिडणार, मग हेड उतरवा, व्हॉल्व्ह बदला, सगळं रामायण. आमच्या घरच्या सुमोचा बेल्ट आम्हीच आळसानं बदलला नव्हता, आज करू उद्या करू, शेवटी गगनबावड्याच्या घाटात गेला. त्या बिलात दोन म्हशी आल्या असत्या.

म्हणून असं कर. चारही हीटर प्लग काढ. हलक्या हातानं काढायचे, जोर केलास तर प्लग आतच तुटतो आणि मग रडायची वेळ येते, आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेव. भोकातनं प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल निम्मं निम्मं करून सोड. ह्या इंजिनला प्री-चेंबर (सिलिंडरच्या वर छोटी पोकळी) आहे, तेल आधी तिथं पडतं आणि मग सावकाश खाली झिरपतं, तेव्हा लगेच काही होत नाही म्हणून घाई करू नकोस. तसंच ठेवून पुण्याला निघून जा. पुढच्या फेरीला परत थोडं टाक. मग गाडी न्यूट्रलला, खालच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं फिरवायची, गाडी चालताना इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं. पाइप लावून लटकायचं नाही. हलली तर हलली, नाही तर परत तेल आणि परत पंधरा दिवस. तुला महिन्यातनं दोनच शनिवार-रविवार मिळतात हे खरं तर तुझ्या फायद्याचं आहे.

दोन फेरे मोकळी फिरली की नवा बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरतो तो) घाल, चालू करायच्या आधी, नंतर नाही. जुनं ऑइल ओत, फिल्टर बदल. डिझेलची टाकी उतरव, आत काकवीसारखा गाळ असणार. आणि स्टार्टिंगचा स्प्रे अजिबात मारायचा नाही, गरम हीटर प्लगवर तो भडकला तर पिस्टन फोडतो.

पहिल्यांदा चालू करताना एअर फिल्टरच्या तोंडाशी एक जाड फळी घेऊन माणूस उभा कर. सिलिंडरमध्ये तेल राहिलेलं असलं किंवा डिझेल पंप अडकला तर गाडी आपोआप रेस पकडते आणि चावी बंद करून थांबत नाही, तेव्हा फळी दाबून हवा बंद करायची. हात किंवा फडकं नाही, फळीच.

बेदाणा९३
काका, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. चुलतभावाला वाचून दाखवलं, तो म्हणाला कोल्हापूरची माणसं घाबरवतात फार. चावी मात्र मी लपवून ठेवलीय.

रेड_ऑक्साईड
मी नाशिकची, वडिलांची टाटा इस्टेट गाडी मी आणि भावानं मिळून केली, त्यामुळे पत्र्याबद्दल थोडं बोलू शकते.

ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेलाय म्हणजे तेवढाच गेला नसणार. मॅट, फोम सगळं उचकटून काढ आणि हातोडीच्या मागच्या टोकानं ठोकत जा. टणटण वाजलं तर जिवंत, भद् असा आवाज आला तर मेलेलं. केबिन जिथं चासीवर रबरावर बसते ना, ते कोपरे खालून आडवं पडून बघ, कारण तळाला पॅच मारून उपयोग काय जर केबिनच धरून ठेवणारा पत्रा कुजलाय.

आम्ही पहिल्यांदा काय मूर्खपणा केला सांगू, गावातल्या एकाकडून गॅस वेल्डिंगनं पॅच मारून घेतला आणि वरून लांबी (पुट्टी) थापली, दिसायला एक नंबर, दुसऱ्या पावसाळ्यात लांबीच्या खालून पाणी शिरून पापडासारखं उचललं सगळं. परत केलं तेव्हा कुजलेला पत्रा पांढरा स्वच्छ लागेपर्यंत कापला, तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा सीओटू वेल्डिंगनं टाके टाके मारत जोडला (एकसलग रेघ ओढली तर पत्रा तापून लाटा येतात), वरून इपॉक्सी प्रायमर, सांध्यात सीलंट आणि खालून अंडरकोटिंग. माझ्या नावावर जाऊ नका, रेड ऑक्साईड शेताच्या गेटला ठीक आहे, गाडीच्या तळाला एकटं पुरत नाही.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, आणि टाकीजवळ वेल्डिंग करायचं असेल तर टाकी उतरवून लांब नेऊन ठेवायची. रिकामी टाकी जास्त धोक्याची असते, आत वाफ असते. टाकीलाच वेल्डिंग मारून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठव.

आणि गाडीखाली जाताना घोड्या (लोखंडी स्टँड) लाव. जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. वीट सांगून फुटत नाही.

रंगाचं सगळ्यात शेवटी बघ. सगळे पहिल्यांदा रंग करतात, फोटो टाकतात, आणि मग इंजिन उतरवताना बॉनेटपासून ओरखडे पडतात.

हौद्याचा_फाळका
कागदाचं मी बोलतो, कारण मी तिथंच पोळलोय. गाडी आप्पांच्या नावावर आहे आणि ते गेले, म्हणजे आधी वारसाच्या नावावर करायला लागेल, फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, बाकीच्या वारसांची संमती, हे घरात सगळे गोडीत आहेत तोवर गोळा करून घे.

दुसरं, पिकअप मालवाहतुकीची म्हणून नोंदलेली असणार, त्यामुळं नुसता विमा काढून भागत नाही, फिटनेस लागतो आणि एवढ्या जुन्या गाडीला तो दरवर्षी. गाडी बंद ठेवताना आरटीओला नॉन-यूज, म्हणजे गाडी वापरात नाही असं, कळवलं होतं का? बहुतेक नसेल, कुणीच कळवत नाही. मग टॅक्स थकलेला दिसेल, त्यावर व्याज पण. परिवहनच्या पोर्टलवर नंबर टाकून आधी आकडा काढ, मग पत्र्याला हात लाव. मी उलटं केलं. गाडी नटवली आणि मग आकडा बघून दोन दिवस जेवलो नाही.

आणि रेड ऑक्साईड ताईंनी सांगितलं त्यात एक भर, चासी नंबर कुठं कोरलाय ते शोधून आजच मोबाईलवर फोटो काढ आणि कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घे. गंज काढताना कुणी उत्साहानं त्या जागेवर ग्राइंडर फिरवला की गाडी असून नसल्यासारखी. तिथं फक्त तारेचा ब्रश, तो पण हळू.

व्हिंटेजमध्ये बसवू म्हणून कुणी सांगेल, त्या नादाला लागू नकोस. २०२१ च्या नियमात त्याला ५० वर्षं पूर्ण लागतात आणि धंद्यासाठी वापरता येत नाही. तुझी अजून तिशीतच आहे.

चौथा_गिअर
म्हणजे मी म्हणालो तेच की. भंगार.

हौद्याचा_फाळका
तू गप रे.

बेदाणा९३
अपडेट देतो, दीड महिना झाला.

पोर्टल बघितलं. टॅक्स थकलाय, पण घाबरलो होतो तेवढा नाही. आईचं, बहिणीचं संमतीपत्र झालं. बहीण म्हणाली सही देते पण पहिली चक्कर मला.

एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं घर केलेलं, बेदाण्याच्या बॉक्सचा जुना कागद कुरतडून मऊ गादी. वायरिंग पण डॅशबोर्डखाली दोन ठिकाणी खाल्लंय. हीटर प्लग तीन निघाले, चौथा अजून निघत नाही, काका म्हणाले होते म्हणून जोर केला नाही. तीनमध्ये तेल सोडलं होतं. काल पुलीला पाना लावला, आधी काहीच नाही, मग हळूच पाव फेरा गेली. चुलतभाऊ शेडाच्या दारात उभा राहून बघत होता, तोच आधी ओरडला.

पाव फेऱ्यानंतर अडली. आता पुढं?

गॅरेजकाका_कोल्हापूर
शाब्बास. पाव फेरा गेली म्हणजे इंजिन मेलेलं नाही. अडली तिथं ढकलू नकोस, जरा मागं घे, परत पुढं, एक इंच, दोन इंच, जातं सुरू करताना कसं करतात तसं. जास्त मागं नको, बेल्ट जुना आहे. आणि चौथ्या सिलिंडरमध्ये तेलच गेलेलं नाही, कदाचित तोच धरून बसलाय. प्लग निघत नसेल तर त्या सिलिंडरचं नोझल (डिझेल फवारतं ते) उतरव आणि तिथनं तेल सोड, नोझल तशीही चारही डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडं चेक करायला न्यायचीच आहेत. खालचं तांब्याचं वॉशर परत वापरायचं नाही, नवीन घ्यायचं.

इंजिन मोकळं होईपर्यंत हात रिकामे ठेवू नकोस, ब्रेकला लाग. मास्टर सिलिंडर, चाकातले सिलिंडर, सगळी रबरं नवी, ऑइल नवं, जुन्या ब्रेक ऑइलनं पाणी ओढून आतनं गंज धरलेला असतो. डायनामोच्या मागं व्हॅक्यूम पंप आहे का तो बघ, ब्रेकचा बूस्टर (ब्रेक दाबायला जोर देतो तो) त्याच्यावर चालतो. मधे कधी कुणी साधा डायनामो बसवला असेल तर गाडी पळेल पण थांबणार नाही.

क्लच प्लेट पण फ्लायव्हीलला चिकटलेली असणार. पेडल खाली दाबून लाकडाचा टेकू दे आणि तसंच सोडून पुण्याला जा, कधी कधी आपोआप सुटते.

रेड_ऑक्साईड
टायरवरचे शेवटचे चार आकडे पण बघ, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही चांगली दिसली तरी ते टायर घालून रस्त्यावर जाऊ नकोस, शेडातनं अंगणात ढकलायला ठीक आहेत.

आणि उंदराचं घर टाकून दिलंस का? फोटो काढायचा होतास.

बेदाणा९३
फोटो आहे. कागदावर आप्पांच्या अक्षरात वजनं लिहिलेली सापडली, १५ किलो, १५ किलो, १४.८. ते तुकडे टाकले नाहीत, आईकडं दिलेत.

परवा परत जातोय. पाना, नोझलचं वॉशर आणि एक फळी घेतलीय.

गॅरेजकाका_कोल्हापूर
फळी जाड घे.