मातीमुळे स्लॅब गळत नाही

गोव्याच्या पावसात गच्चीवर झाडं लावायला माती घातली की स्लॅब गळणारच, त्यापेक्षा पत्रे घाला, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. स्लॅब गळतो तो चुकलेल्या उतारामुळे आणि वॉटरप्रूफिंगला गेलेल्या तड्यांमुळे. मे महिन्यात तापून तापून तो थर ताणतो, पहिल्या सरीत एकदम आकसतो आणि शेवटी फुटतो. मातीखाली त्याला ऊनच लागत नाही, म्हणून तो जास्त वर्षं टिकतो. खालची खोलीही कमी तापते, पंख्यातून गरम वारा येत नाही.

आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, म्हणजे १०० चौरस मीटर गच्चीवर ३ लाख लिटर पाणी! आषाढात चिंब झालेली माती फारसं अडवणार नाही, हे खरं. पण सुरुवातीच्या आणि परतीच्या सरी ती बऱ्यापैकी पिते.

वजनाचं मात्र आधी इंजिनिअरला विचाराच. काथ्याचा भुसा मिसळलेली हलकी मातीसुद्धा १० सेंटिमीटर जाडीला, भिजल्यावर, चौरस मीटरमागे शंभरेक किलो किंवा जास्तच भरते. मुळं रोखणाऱ्या आणि निचऱ्याच्या थरात काटकसर नको. चिनी गुलाबासारखी उथळ मुळांची झाडं लावा, आणि वड-पिंपळाचं रोप दिसलं की लगेच उपटा.