‘कॉकटेल पार्टी इफेक्ट’चा नेमका अर्थ कोणता?

प्रश्न: एका नोट्समध्ये अर्थ दिलाय ‘गोंगाटातही आपलं नाव ऐकू येणं’, दुसरीत ‘गोंगाटात एकाच माणसाचं बोलणं ऐकता येणं’. बरोबर कोणता? आणि वर्गात करून दाखवता येईल का?

उत्तर १: मूळ अर्थ दुसरा. कॉलिन चेरी यांनी १९५३ च्या लेखात ‘कॉकटेल पार्टी प्रॉब्लेम’ मांडला: चहूकडून लोक बोलत असताना आपण एकाचंच बोलणं कसं वेचून घेतो? त्यांनी दोन कानांत दोन वेगळे उतारे ऐकवले आणि एका कानातला उतारा ऐकता ऐकताच मोठ्याने म्हणायला लावला. दुसऱ्या कानात पुरुषाऐवजी बाईचा आवाज आला, ४०० हर्ट्झचा सूर वाजला, ते लोकांना कळलं. इंग्रजी जाऊन मधेच जर्मन सुरू झालेलं मात्र लक्षात आलं नाही! आवाजाचा पोत पोचतो, अर्थ पोचत नाही.

उत्तर २: नावाचा भाग नेव्हिल मोरे यांचा, १९५९ चा. नोट्समध्ये ‘हमखास ऐकू येतं’ असं असेल तर कृपया खोडा. दुर्लक्षित कानातलं स्वतःचं नाव सुमारे एक तृतीयांश लोकांनाच कळलं. १९९५ मध्ये वुड आणि कोवन यांनाही जवळपास तेवढेच आढळले. २००१ चा निष्कर्ष तर आवर्जून शिकवावा असा आहे: कार्यकारी स्मृतीची (काम करताना माहिती मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीची) क्षमता कमी असलेल्यांपैकी ६५ टक्क्यांना नाव ऐकू आलं, जास्त असलेल्यांपैकी फक्त २० टक्क्यांना. म्हणजे नाव ऐकू येणं ही तल्लखपणाची खूण नव्हे, लक्ष निसटल्याची आहे. नको असलेलं बोलणं अर्थ लागण्याआधीच अडवलं जातं, ही मानसशास्त्रज्ञ ब्रॉडबेंट यांची १९५८ ची ‘गाळणी’ची कल्पना इथेच अपुरी पडते. मानसशास्त्रज्ञ ट्रीसमन यांच्या मते नको असलेला आवाज बंद होत नाही, रेडिओ बारीक करावा तसा मंदावतो.

उत्तर ३: वर्गासाठी: एकाच आवाजात दोन अनोळखी गद्य उतारे रेकॉर्ड करा, दोन-दोन मिनिटांचे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे न्या, आवाजाची पातळी सारखी ठेवा. कविता घेऊ नका, पुढची ओळ अंदाजाने म्हटली जाते. वायरचे हेडफोन लावा आणि फोनमधला ‘मोनो ऑडिओ’ बंद आहे ना ते बघा. तो चालू राहिला तर दोन्ही उतारे दोन्ही कानांत मिसळतात आणि प्रयोग तिथेच फसतो. दुसऱ्या कानाबद्दल आधी अवाक्षर काढू नका. उतारा संपल्यासंपल्या विचारा, कारण मिनिटभर थांबलात तर ‘ऐकलंच नाही’ आणि ‘ऐकून विसरलो’ यांतला फरक उरत नाही.