ताईचा जहाजावरचा कॅप्टन पैसे मागतोय, तिला कसं थांबवू?

धाकटी_मालवण
नमस्कार. घरचा विषय आहे म्हणून गाव सांगत नाही, मालवणच्या बाजूचे आहोत एवढंच. माझी मोठी ताई 46 वर्षांची, भावोजी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला शिकतो, घरात ती आणि सासूबाई, दोन खोल्या पर्यटकांना देते त्यावर चाललंय. डिसेंबरात तिने एका लग्नाच्या साइटवर प्रोफाइल टाकलं, मला बरंच वाटलं होतं. तिथे एकजण भेटला, राहतो लंडनला पण आजोळ रत्नागिरीचं म्हणे, जहाजावर कॅप्टन, बायको वारलेली. दोन दिवसांत साइट सोडून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं सुरू. जेवलीस का, सासूबाईंचं बीपी कसंय, एवढी विचारपूस तिची सहा वर्षांत कुणी केली नव्हती हेही खरंय. व्हिडिओ कॉल मात्र एकदाही नाही, जहाजावर नेट नाही म्हणतो. मागच्या आठवड्यात म्हणाला तुला पार्सल पाठवलंय, फोन, दागिने आणि पाउंड. मग दिल्ली एअरपोर्टच्या कस्टम्समधून म्हणून एका बाईचा फोन, 28,500 भरा. ताईने यूपीआयने भरले, कुणाच्या तरी नावावरच्या खात्यात!! काल परत फोन, पार्सलात परदेशी चलन सापडलं, 1,20,000 भरा नाहीतर अटक होईल. ताई आता पाटल्या गहाण टाकायला निघालीय. मी काही बोलले की म्हणते "तो माका फसवूचो नाय, तुका नाय कळूचा". काय करू सांगा, रात्रभर झोप नाही.

जहाजी_गुहागर
मुली, आधी पाटल्या तुझ्या ताब्यात घे. मी 31 वर्षं बोटीवर काढली, चीफ इंजिनियर म्हणून उतरलो, तेव्हा हे जहाजाचं सोंग मला लगेच कळतं. भर समुद्रातून पार्सल कसं पाठवणार, कुरियरवाला होडी घेऊन येतो काय? जे काय पाठवायचं ते बोट बंदराला लागल्यावर एजंटमार्फत. आणि नेट नाही हे कारण आता चालत नाही, हल्ली बहुतेक मोठ्या बोटींवर सॅटेलाइटचं नेट असतं, खलाशीसुद्धा रात्री घरी व्हिडिओ कॉल लावतात, महिन्यात एकदाही जमत नाही हे मला पटत नाही. ताईला सांग त्याला बोटीचं नाव आणि आयएमओ नंबर, म्हणजे बोटीचा जगभर चालणारा ओळख नंबर, विचार. तो सात आकडी असतो, बोट विकली नाव बदललं तरी नंबर तोच राहतो. जहाजं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या साइटवर टाकलं की बोट खरी का, आता कुठल्या समुद्रात आहे ते दिसतं. पुढे एक नक्की येणार, बोट सोडून तुझ्याकडे यायला तिकिटाचे पैसे दे, कंपनीला दंड भरायचाय. 2006 च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनप्रमाणे, म्हणजे बोटीवरच्या कामगारांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, नोकरीचा करार संपला की माणसाला घरी पोचवायचा खर्च बोटीच्या मालकाचा असतो. आमच्या अख्ख्या गावात घरटी एक माणूस बोटीवर, कुणी बायकोकडे तिकिटाला पैसे मागितलेले मी ऐकले नाहीत.

चिपळूणची_मी
अगं तुझी पोस्ट वाचून हात थरथरले. माझ्या बाबतीत तो परदेशातला डॉक्टर होता, बाकी पार्सल, कस्टम्सची बाई, अटकेची धमकी सगळं तेच, मी तीन वेळा पैसे भरले. एक सांगते, ताईला वेडी, म्हातारपणी काय सुचतंय असलं काही बोलू नकोस. मला भाऊ असंच बोलला आणि मी त्याच्यापासून लपवून तिसऱ्यांदा भरले. मला कळत नव्हतं असं नाही, आतून शंका होतीच, पण ते खोटं मानलं की रोज रात्री बोलणारं माणूसच नाही राहत, ते सोसवत नाही. तू नुसती बाजूला बस. मी स्वतः फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघितला, दुसऱ्याच नावाच्या माणसाचा निघाला, तेव्हा डोळे उघडले. फोटो नाही सापडला तरी माणूस खरा असं धरू नका, हल्ली व्हिडिओतला चेहरापण बदलता येतो. आणि नंतर कुणीतरी वकील नाहीतर सायबर अधिकारी म्हणून फोन करेल, गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा. तीच टोळी असते बहुतेक. मला आला होता.

बँकेतला_रत्नागिरी
पटापट लिहितो. आत्ता 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, cyber crime चं सरकारी पोर्टल आहे त्यावरही तक्रार टाका. यूपीआयच्या पावतीवर 12 आकडी नंबर असतो तो, रक्कम, तारीख, वेळ जवळ ठेवा. बँकेलाही लेखी कळवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरवले जातात म्हणून तासातासाला महत्त्व आहे, तुमचा आठवडा गेला तरी तक्रार कराच, ते खातं गोठलं तर पुढची बाई वाचते. चॅट डिलीट करू नका, ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट. कस्टम्सवाले कुणाच्या पर्सनल खात्यावर पैसे मागत नाहीत, त्यांच्या पत्रावर डीआयएन म्हणजे त्या पत्राचा ओळख नंबर असतो, सीबीआयसीच्या (कस्टम्सचं केंद्रीय बोर्ड) साइटवर तपासता येतो. अटकेची धमकी देऊन कुठलंच सरकारी खातं फोनवर पैसे घेत नाही.

धाकटी_मालवण
सगळ्यांचे खूप आभार, काका तुमचे विशेष. काल संध्याकाळी ताईजवळ बसले, काही बोलले नाही, मासे साफ करू लागले. तिनेच विषय काढला. मग तिच्याच फोनवरून आयएमओ नंबर विचारला. आधी म्हणाला सिक्युरिटीमुळे सांगता येत नाही, मग चिडला, तुझा विश्वास नाही का, आणि शेवटी एक नंबर दिला तो पाच आकडी. ताई बराच वेळ स्क्रीनकडे बघत होती. रात्री 1930 ला लावला, तक्रारीचा नंबर मिळाला, आज बँकेत आणि पोलीस स्टेशनला जाऊन आलो. पाटल्या माझ्या कपाटात आहेत. ती कमी बोलतेय, जेवली मात्र. चिपळूणच्या ताई, तुमची हरकत नसेल तर तुमच्याशी तिला एकदा बोलायचंय, मेसेज करू का?

चिपळूणची_मी
कर गं. दुपारी दोननंतर मी मोकळीच असते.