स्केच-शोच्या एका भागाचं परीक्षण ७०० शब्दांत कसं बसवावं? (‘पायथन’, पहिली मालिका, भाग ८)

रामबागचा_वाचक (इंदूर)

नमस्कार मंडळी. इथल्या एका मराठी वाचनालयाच्या अंकासाठी ‘माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ या ब्रिटिश स्केच-शोच्या, म्हणजे छोट्या विनोदी तुकड्यांच्या कार्यक्रमाच्या, एका भागाचं परीक्षण लिहायचं आहे. पहिल्या मालिकेतला आठवा भाग, बीबीसी वनवर ७ डिसेंबर १९६९ ला दाखवलेला. मर्यादा ७०० शब्द. वाचक बहुतेक पन्नाशीपुढचे, इथल्या ‘सानंद’ संस्थेची नाटकं नेमाने बघणारे. इंग्रजी सगळ्यांना येतं, पण हा कार्यक्रम पाहिलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

अडचण अशी की अर्ध्या तासात सैन्यातली हप्तावसुली, चित्रसमीक्षक, पलंगाचं दुकान, गुहेतले एकांतवासी साधू, मेलेला पोपट आणि गुंड आजीबाई एवढं सगळं येतं. प्रत्येकाचं दोन-चार ओळींत कथानक सांगितलं तरी ९०० शब्द होतात आणि मत मांडायला जागाच उरत नाही. शिवाय कथानक सांगितलं की विनोद मरतो.

तर कथानक किती द्यावं? शब्दांवरच्या कोट्या मराठीत आणाव्यात का? आणि पन्नासहून जास्त वर्षं जुना विनोद आज कसा तोलायचा?

---

टाकेघालू

कथानक देऊच नका. फराळाच्या ताटासारखं ‘चकली खुसखुशीत, लाडू जरा कडक’ असं ओळीने लिहीत गेलात तर ७०० काय, २००० शब्दही पुरणार नाहीत. या कार्यक्रमात बघायचे ते सांधे. एक तुकडा कुठे सुटतो, दुसऱ्यात कसं शिरतात, यावर परीक्षण उभं करा.

भाग तीनदा बघा. पहिल्यांदा सलग, हातात पेन न घेता. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत. अर्ध्या तासाच्या भागाला सव्वा तास धरा. वही आडवी धरून पाच रकाने पाडा: वेळ (मिनिट-सेकंद), जागा, फिल्म की टेप, तुकडा कसा संपला, पुढच्यात कसे गेले. तिसऱ्यांदा फक्त सांधे, म्हणजे प्रत्येक जोडाच्या आधीची आणि नंतरची वीस-वीस सेकंदं.

फिल्म की टेप हा रकाना लोक गाळतात आणि नेमकी चांगली गोष्ट हातची घालवतात. त्या काळी स्टुडिओतली दृश्यं इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याने टेपवर घ्यायचे. त्यात हालचाल सेकंदाला पन्नास टप्प्यांत नोंदली जाते, म्हणून गुळगुळीत दिसते. बाहेरची दृश्यं १६ मिमी फिल्मवर, सेकंदाला पंचवीस चौकटी. चित्र दाणेदार, हालचाल किंचित तुटक. पोपटाचं दुकान टेपवर आहे, आजीबाईंचा धुमाकूळ फिल्मवर. त्या वेळचे टीव्हीवरचे माहितीपट आणि बातम्यांची बाहेरची दृश्यंही १६ मिमीवरच असत. त्यामुळे म्हाताऱ्या तरुण पोरांना रस्त्यात बडवतात तेव्हा ते ‘आजची बिघडलेली पिढी’ छाप गंभीर माहितीपटासारखं दिसतं. १९६४ मध्ये ब्रायटन, मार्गेट, क्लॅक्टनच्या किनाऱ्यांवर मॉड आणि रॉकर टोळ्यांच्या मारामाऱ्या झाल्या होत्या आणि अशा पोरांवरचे काळजीचे कार्यक्रम प्रेक्षकांच्या ओळखीचे होते. म्हणजे विडंबन नुसतं संवादांत नाही, फिल्मच्या दाण्यांतही आहे. हे परीक्षणात दोन वाक्यांत सांगता येतं आणि वाचकाला पाहताना उपयोगी पडतं.

मात्र तुमची प्रत तपासा. फुकट चढवलेल्या बऱ्याच प्रतींत सगळंच २५ किंवा ३० चौकटींवर आणलेलं असतं आणि हा फरक पुसला जातो. दुकानातल्या दृश्यात कुणी झटकन हात हलवतो तिथे बघा. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणासारखा सरकला तर प्रत ठीक, सिनेमासारखा तुटला तर त्या प्रतीवरून टेप-फिल्मबद्दल काही लिहू नका.

---

सुदामानगर_दुसरी_गल्ली

सांध्यांबद्दल टाकेघालू यांच्याशी सहमत. मी भाषेपुरतं लिहितो.

पोपटाच्या तुकड्यात गिऱ्हाईक (जॉन क्लीझ) आणि दुकानदार (मायकेल पेलिन) यांचं भांडण एकाच मुद्द्यावर आहे. पोपट मेलाय की नाही? दुकानदार कबूलच करत नाही, म्हणून गिऱ्हाईक ‘मेला’ या अर्थाचे शब्द एकामागून एक काढत जातो. गंमत यादी लांब असण्यात नाही. पाद्र्याच्या तोंडचं भाषण आणि गल्लीतली बोली एकाच श्वासात येतात, त्यात आहे. हे इंग्रजी शब्द मराठीत उतरवू नका, फसाल. आपल्याकडे तीच शिडी तयार आहे: देवाज्ञा झाली, कैलासवासी झाला, इहलोकीची यात्रा संपवली, आणि लगेच खाली गचकला, खपला, आटोपला, गोवऱ्या मसणात गेल्या. वाचकाला चार वरचे, चार खालचे दाखवा आणि सांगा की क्लीझ अशा पायऱ्या धडाधड चढतो-उतरतो. काम झालं. आवाजाबद्दलही एक ओळ हवी. तो तक्रार अर्ज वाचून दाखवणाऱ्या कारकुनासारखा सुरू होतो आणि हळूहळू किंचाळायला लागतो. शब्दांची शिडी आणि आवाजाची शिडी एकदम चढते.

इंदूरच्या वाचकासाठी एक खास चीज आहे. हिंदीतलं ‘टें बोल गया’. पोपटाच्या ओरडण्यावरूनच मरणाचा वाक्प्रचार! राजवाड्यापासून पाटणीपुऱ्यापर्यंत कुणालाही कळेल. एकदाच वापरा, शेवटी नको, मध्येच टाका. ‘पोपट झाला’ ही कोटी मात्र टाळलेली बरी. गिऱ्हाइकाचा खरंच पोपट होतो हे कबूल, पण या तुकड्यावर मराठीत लिहायला बसलेल्या प्रत्येकाला ती पहिल्या दोन मिनिटांत सुचते.

पुढे बोल्टन आणि इप्सविच या इंग्लंडमधल्या दोन गावांचा घोळ आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला बोल्टनला भावाच्या दुकानात पाठवतो. तिथे तोच माणूस खोट्या मिशा लावून उभा, आणि म्हणे हे इप्सविच. नंतर सारवासारव अशी की ही श्लेषाची गंमत होती. मग म्हणे श्लेष नाही, उलटसुलट सारखं वाचता येणारा शब्द. पण ‘बोल्टन’ उलटं वाचलं तर भलतंच काही होतं. इथे ‘चिमा काय कामाची’ची आठवण करून द्या आणि गंमत देवासवर नेऊन दाखवा: देवासचं उलट ‘सवादे’ होतं, ‘देवास’ नाही. एवढं पुरे. संपूर्ण तुकडा इंदूर-देवासला हलवण्याच्या मोहात पडू नका, ते रूपांतर झालं.

पलंगाच्या दुकानाला उलट जवळजवळ भाषांतर लागतच नाही, कारण तिथे विनोद नियमांचा आहे. एक विक्रेता प्रत्येक आकडा दहापट सांगतो. दुसऱ्याच्या आकड्याला तिनाने गुणायचं. त्यात ‘गादी’ हा शब्द दुसऱ्यासमोर काढायचा नाही, काढला की तो डोक्यावर पिशवी ओढून घेतो, आणि ती उतरवायला चहाच्या खोक्यात उभं राहून भजन म्हणावं लागतं. माझ्या मते भागातला सगळ्यात घट्ट विणलेला तुकडा हाच, पोपट नव्हे. नियम आधी सांगितला जातो, मग मोडतो, आणि दर खेपेला भरपाई वाढते. कॅरोल क्लीव्हलंड आणि टेरी जोन्स हे नवं जोडपं झालेत. त्यांचे गोंधळलेले, सभ्य चेहरे नसते तर विक्रेते झालेल्या ग्रॅहम चॅपमन आणि एरिक आयडल यांचं वेड हवेत गेलं असतं.

---

क्लिपा_बघू_नका

थोडक्यात तीन सापळे.

पोपटाच्या तुकड्यानंतर लाकूडतोड्याचं गाणं येतं असं बरेच जण लिहितात. या भागात ते नाही. ते पुढच्या, म्हणजे १४ डिसेंबर १९६९ च्या नवव्या भागात आहे. दोन्हींची जोडी जमली ती ‘पायथन’च्याच १९७१ च्या सिनेमात, जिथे निवडक तुकडे नव्याने चित्रित केले. पोपट आणि आजीबाई दोन्ही त्या सिनेमात आहेत, प्रेक्षकांच्या हशाविना. सुट्या क्लिपमध्ये हसू ऐकू आलं नाही तर बहुधा ती सिनेमातली आहे.

दुसरा सापळा हशाचा. तो आधी रेकॉर्ड केलेल्या हशाचा डबा उघडून ओतलेला नाही, स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांचा आहे. बाहेर चित्रित केलेले तुकडे त्यांना तिथेच दाखवत असत. म्हणून आजीबाईंना मिळालेलं हसू पडद्यावरच्या चित्राला आहे, समोरच्या नटाला नाही. हशाच्या लांबीवरून तुकडा तोलू नका.

तिसरा, भागाचं नाव. ‘फुल फ्रंटल न्यूडिटी’ हे नागड्या देहाविषयीचं इंग्रजी नाव वाचून वाचनालयवाले दचकतील. रंगभूमीवरची सरकारी सेन्सॉरशिप ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९६८ मध्ये उठली आणि रंगमंचावरच्या नग्नतेची चर्चा सगळीकडे सुरू झाली. भाग त्या चर्चेची टर उडवतो. हे एका वाक्यात सांगा, नावाचं भाषांतर करत बसू नका.

---

महूच्या_वाटेवर

सांध्यांचं कौतुक वर जरा जास्तच झालं, म्हणून दुसरी बाजू.

पहिला तुकडा घ्या. शिपायाला (आयडल) सैन्य सोडायचंय, कारण तिथे खऱ्या बंदुका असतात आणि धोका आहे. तो आला होता पाण्यावरच्या खेळांसाठी आणि फिरायला मिळेल म्हणून. ब्रिटनमधली सक्तीची भरती १९६० मध्येच थांबली होती, हा स्वतःहून भरती झालेला आहे, हे सांगितलं तर त्याचा मूर्खपणा जास्त खुलतो. मग दोन माफिया भाऊ (पेलिन आणि जोन्स) येऊन कर्नलला सुचवतात की एवढं छान सैन्य, रणगाडे वगैरे, काही मोडतोड झाली तर? इंदूरकरांना महूची छावणी तासाभरावर. रुबाबदार कर्नल आणि ‘हप्ता’ यांची सांगड समजावायला एक ओळसुद्धा लागणार नाही.

आणि इथेच कर्नल (चॅपमन) खेळ थांबवतो. हे फार बाष्कळ चाललंय, वरिष्ठ अधिकारी मी असून मला अजून एकही विनोदी वाक्य मिळालेलं नाही, बंद करा! पहिल्यांदा हे झकास लागतं. वर्दी आणि शिस्त कार्यक्रमाच्या आत शिरून कार्यक्रमालाच दटावते. साधूंच्या वेळी तो टेकडीवरून सगळ्यांना हाकलतो तेव्हाही चालतं, कारण एकांतासाठी आलेले साधू चाळीतल्या शेजाऱ्यांसारखे गुहेच्या भिंतींना काय लावावं यावर गप्पा मारत असतात आणि त्यांना कुणीतरी हाकलायलाच हवं असतं. पोपटाच्या शेवटी मात्र ती पळवाट आहे. दुकानातून बाहेर पडल्यावर तुकड्याचा दम संपलाय, बोल्टनची फेरी लांबलीय, आणि लेखकांना शेवट सापडलेला नाही. गिऱ्हाईकच म्हणतं की हे फार बाष्कळ होतंय, आणि कर्नल मान डोलावतो. आजीबाईंना थांबवतो तोवर युक्तीची सवय झालेली असते. तिथेही आधीच घसरण आहे: आजीबाईंवरून मोठ्ठ्या बाळांची टोळी, तिच्यावरून माणसांवर हल्ला करणाऱ्या ‘डावीकडून चला’च्या पाट्या. दर पायरीला कल्पना मोठी आणि विनोद छोटा.

परीक्षणात हे लिहा. पूज्य गोष्टीवर लिहिताना लोक आरती ओवाळतात. ‘शेवटचा पंच टाकायचाच नाही’ हा शोधही यांचाच असं लिहू नका; विनोदकार स्पाइक मिलिगनचा ‘क्यू ५’ हा कार्यक्रम त्याच १९६९ मध्ये यांच्या आधी बीबीसी टूवर आला होता आणि त्यातही तुकडे असेच अर्ध्यावर सोडलेले असत. यांचं स्वतःचं म्हणाल तर टेरी गिलियमची कात्रणांची अॅनिमेशन. जुनी चित्रं आणि फोटो कापून केलेली ती दृश्यं दोन तुकड्यांमध्ये आली की शेवट नसल्याचं जाणवत नाही, कर्नल आला की जाणवतं. टाकेघालू, तुमच्या पाचव्या रकान्यात हा फरक नोंदवायला सांगा.

---

टाकेघालू

मान्य. पाचव्या रकान्यात तीन खुणा करा: अॅ (अॅनिमेशन), क (कर्नल), थे (थेट उडी). ‘क’ कुठे कुठे आला ते एका नजरेत दिसेल.

---

रामबागचा_वाचक

सगळ्यांचे आभार. सुरुवात अशी केली आहे, बघा:

“१९६९ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर अवतरलेल्या या अजरामर कार्यक्रमाने विनोदाची परिभाषाच बदलून टाकली. त्यातील आठव्या भागात एक कर्नल वारंवार येऊन प्रहसन बंद पाडतो. पहिल्यांदा आपण हसतो, दुसऱ्यांदाही हसतो, नंतर मात्र वाटते की लेखकांनाच कुणीतरी बाहेर जाण्याचा दरवाजा दाखवायला हवा होता.”

पुढे पलंगाचं दुकान १५० शब्द, पोपट १५०, फिल्म-टेप आणि आजीबाई १२०, सैन्य आणि साधू ८०, चित्रसमीक्षक गाळला.

---

सुदामानगर_दुसरी_गल्ली

पहिलं वाक्य पूर्ण उडवा. कर्नलपासूनच सुरू करा, तारीख दुसऱ्या वाक्यात बसेल. ‘अजरामर’ तर पोपटाच्या शेजारी नकोच! तिसरं वाक्य उत्तम, फक्त ‘वाटते’चं ‘वाटतं’ करा, बाकी लेख बोलीत असेल तर.

तुमच्या वाटणीचे ५०० शब्द होतात. सुरुवातीला साठ धरले तर १४० हातात राहतात. त्यातले साठ गिलियमच्या अॅनिमेशनला द्या, उरलेल्या ऐंशीत आज हसू येतं का ते सरळ सांगा, तुकड्याचं नाव घेऊन. माझं उत्तर: पलंगाला येतं, पोपटाला दुकानाच्या दारापर्यंत येतं, आजीबाईंना पहिली दोन मिनिटं.

---

महूच्या_वाटेवर

चित्रसमीक्षक गाळलात ते बरं केलंत.